डावी करंगळी

बाकावर नऊ कानशी होत्या, डावीकडून उजवीकडे जाडीच्या क्रमाने मांडलेल्या. त्यांच्या पुढे एक छोटी हातोडी, दोन चिमटे, कुलपं उघडायच्या बारा आकड्यांची कातडी गुंडाळी, एक स्टीलची पट्टी आणि एक डिव्हायडर. मागच्या भिंतीवर चोवीस खिळे आणि एकेका खिळ्यावर एकेका जातीच्या कोऱ्या किल्ल्या. बाकाच्या उजव्या टोकाला पूर्वी टेबल-दिवा असायचा. आता तिथे झाकणाचा एक डबा होता. त्यात साखर मोजायचं बोलकं यंत्र, पट्ट्यांची बाटली, बोट टोचायचं सुईचं पेन, कापूस आणि ग्लुकोजच्या गोळ्यांची एक नळी, अजून न फोडलेली.

यातली एखादी वस्तू चार बोटं सरकली तरी दुकानाच्या मालकाला ती हरवल्यातच जमा होती. गल्लीतली मुलं त्यांना किल्लीमामा म्हणत, आणि मुलांचं ऐकून मोठी माणसंही तेच म्हणू लागली होती. बरीच वर्षं मधुमेहात गेल्यावर त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुटत गेल्या. लेसरने जे थांबण्यासारखं होतं ते थांबलं. उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळत असे. डाव्या डोळ्यात मधोमध एक तपकिरी डाग बसला होता आणि त्याच्या कडेकडेने जग दिसायचं. दाराची चौकट दिसायची, कुलूप दिसायचं नाही. कुणीतरी आलंय हे दिसायचं, कोण आलंय हे आवाजावरून ठरवायचं.

पण कुलूप हे काही बघून उघडायचं काम नाही, असं ते म्हणत. कुलपाच्या पोटात पाच-सहा पिना असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर एक स्प्रिंग. आकडा आत सरकवून एकेक पिन तिच्या उंचीला उचलायची, आणि कुठली अडली, कुठली बसली, हे बोटाच्या टोकाला कळायला हवं. डोळे शाबूत होते तेव्हाही ते या कामाला डोळे मिटूनच बसत. ‘डोळे गेले तेव्हा माझं निम्मं काम आधीच शिकून झालं होतं,’ असं ते गिऱ्हाइकाला सांगत, आणि गिऱ्हाइकाला हसावं की नाही ते कळत नसे.

मुलगी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होती. बोलकं यंत्र तिनेच आणलं. त्याआधी मोठ्या आकड्यांचं एक यंत्र होतं. डाव्या डोळ्यातला डाग लहान होता तोवर त्याने निभावलं. मग त्यांना तीनचा आठ आणि एकचा सात दिसू लागला. एकदा बायकोने वेळेवर पाहिलं म्हणून बरं, नाहीतर नसलेल्या साखरेवर त्यांनी इन्सुलिन टोचून घेतलं असतं. नव्या यंत्रात पट्टी घातली की एका बाईचा आवाज यायचा, रक्त लावा म्हणायचा, आणि थोड्या वेळाने आकडा सांगायचा. त्या आवाजाला वय नव्हतं आणि राग-लोभही नव्हता. घरात तिचं नाव मावशी पडलं.

बायको म्हणाली, ‘घरात आणखी एक बाई आली. पण माझ्यापेक्षा कमी बोलते, म्हणून ठेवून घेते.’

पट्टी खाचेत घालणं त्यांना पहिल्या दिवसापासून जमलं. किल्ली भोकात घालण्यात ज्याचा जन्म गेला त्याला ते काय अवघड. इन्सुलिनच्या पेनाचं तर त्यांना कौतुकच होतं. चकती फिरवली की दर एककाला टिक वाजायचं, आणि ते तिजोरीच्या चकतीसारखा कान देऊन टिका मोजायचे. अडचण यायची ती रक्ताचा थेंब पट्टीच्या टोकाला लावताना. थेंब दिसत नसे. मग मुलीने सांगितलं, टोचलेल्या बोटाच्या कडेने पट्टी हळूच सरकवत आणायची, ओल लागली की पट्टी स्वतःच ओढून घेते. तेही जमलं. काही महिने सगळं सुरळीत चाललं, मावशी बोलत होती आणि घर ऐकत होतं.

मग एका दुपारी त्यांच्या हातून एक स्प्रिंग पडली. दुसऱ्या आठवड्यात अजून दोन. पुढे त्यांनी एका कुलपात चुकीच्या उंचीची पिन बसवली, आणि गिऱ्हाईक कुलूप परत घेऊन आलं, किल्ली फिरतच नाही म्हणून. असं यापूर्वी कधीच झालं नव्हतं. ते सबंध संध्याकाळ बाकाशी बसून राहिले. आपल्याच अंगठ्याने आपल्याच तर्जनीचं टोक घासत होते, जसं एखादी कानस बोथट झाली का ते बघावं.

त्यांचा हिशेब सरळ होता. इतकी वर्षं पितळेचा कीस उडाला, कानस घसरली, हातोडी बसली, तरी बोटं गेली नाहीत. सुई आली आणि बोटं जायला लागली. दिवसातून चार-चार वेळा टोचून टोकं घट्टे पडल्यासारखी झाली होती. दुसऱ्या कुणाचं बोट म्हणजे नुसतं बोट, त्यांचं बोट म्हणजे हत्यार. आणि हत्यारावर कुणी खिळे ठोकत नाही.

तेव्हापासून त्यांनी बोटं टोचणं सोडलं. यंत्राबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं की कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागातूनही रक्त घेता येतं. बायकोने तो कागद एकदा मोठ्याने वाचला होता. त्यातलं हे वाक्य त्यांच्या बरोबर लक्षात राहिलं, त्याच्या खालचं राहिलं नाही.

खालचं वाक्य मुलीने त्यांना पुन्हा ऐकवलं. हातावरचं रक्त बोटातल्या रक्ताच्या मागे असतं. सकाळी उठल्याबरोबर, काही न खाता मोजलं तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. पण इन्सुलिन घेतल्यावर, जेवल्यावर किंवा अंगमेहनत करताना साखर भराभर खाली-वर होते, तेव्हा बोटाला ते लगेच कळतं आणि हाताला उशिरा, कधी अर्धा तासही लागतो. ती त्यांच्याच भाषेत सांगायला बसली. ‘दुकान बंद झालंय, पण बाहेर ‘उघडे आहे’ची पाटी अजून लटकतेय, असं ते आहे, बाबा. पाटी वाचून काय उपयोग?’

‘मी पाटी वाचतोच कुठे,’ ते म्हणाले.

शेवटी तह झाला. सकाळी उपाशीपोटी हातावर. बाकी कधीही, आणि विशेषतः घाम, थरथर, डोकं हलकं झालं तर बोटावर, तेसुद्धा टोकावर नाही, कडेला. ते हो म्हणाले. मुलीला बरं वाटलं. ती सकाळी लवकर लॅबला जायची आणि संध्याकाळी यायची. मधल्या वेळात ते कुठे टोचतात ते बघायला कुणी नव्हतं, आणि बाही खाली ओढली की हातावरचे ठिपके झाकले जात.

तिने दंडावर चिकटवायच्या सेन्सरचीही गोष्ट काढली होती. एक बटणाएवढी चकती, आत केसाएवढी तार. दिवसरात्र मोजत राहते, साखर पडायला लागली की फोन ओरडतो, आणि तो आकडा मुलीच्या फोनवरही दिसतो. डॉक्टरही म्हणाले होते की यांना तेच योग्य. इतकी जुनी साखर असली की शरीर धोक्याची घंटा वाजवायचं विसरतं. किल्लीमामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘दंडावर बसून पोरीकडे माझ्या चहाड्या करणारं यंत्र मला नको. मी लोकांची दारं उघडतो म्हणून माझं दार सताड उघडं टाकू का?’

त्या हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडली, तिला घरात कुणी फार महत्त्व दिलं नाही. एका रात्री बायकोने त्यांचा मोजा काढला तर तो टाचेशी रक्ताने कडक झाला होता. बुटात एक लहानसा स्क्रू पडला होता आणि ते त्यावर दिवसभर चालले होते. डॉक्टरांनी जखम बांधली, पायांच्या नसा गेल्यात म्हणाले, आणि रोज तळवे तपासायला सांगितलं. घरी येताना ते बायकोला म्हणाले, ‘पायांनी थोडीच कुलपं उघडतो मी.’

शिक्षिकेच्या दाराचं काम आलं ते एका सकाळी. दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहत. सगळे त्यांना बाई म्हणत. बाईंची किल्ली कुलपातच तुटली होती. त्या शेजाऱ्याकडे काही द्यायला म्हणून दाराबाहेर आल्या, दार मागे ओढलं गेलं, आणि आत गॅसवर बटाटे उकडत होते. शेजारी धावत किल्लीमामांकडे आला. दुकान आणि घर एकच, पुढे बाक आणि मागे दोन खोल्या. ते नाश्त्याला बसले होते. टिका मोजून इन्सुलिन टोचून झालं होतं आणि अंड्याचे दोन घास पोटात गेले होते.

बायको म्हणाली, खाऊन जा. ते हात पुसत उठले, बाकावरची गुंडाळी, चिमटा आणि यंत्र पिशवीत टाकलं. ‘त्या बाईचं घर जळेल, तू अंडं काय घेऊन बसलीस? आलोच.’

शेजाऱ्याच्या कोपराला धरून ते भरभर चालत गेले, जिनाही भरभर चढले. बाईंनी नंतर ज्याला त्याला जे सांगितलं, त्यात इथपर्यंत काही वावगं नव्हतं. किल्लीमामा दारापुढे गुडघ्यांवर बसले, गुंडाळी उलगडली, चिमट्याने तुटलेला तुकडा बाहेर काढला आणि तो बाईंच्या तळहातावर ठेवला. मग आकडा आत घातला. एक पिन बसली, म्हणाले. मग हात थांबला. कपाळावर घाम होता. आकडा धरलेल्या हाताला बारीक कंप सुटला होता आणि तो कुलपाच्या तोंडावर टकटक वाजत होता.

त्यांनी पिशवीतून यंत्र काढलं. बाही वर केली, कोपराच्या खाली टोचलं, पट्टी सरकवली. जिन्याच्या त्या अरुंद जागेत मावशीचा आवाज सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला.

‘एकशे बारा.’

बाईंनी विचारलं, म्हणजे ठीक ना? ते म्हणाले, एकदम ठीक. यंत्र पिशवीत गेलं. गोळ्यांची नळी दुकानात, डब्यातच होती.

त्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत काय झालं ते बाईंकडून, शेजाऱ्याकडून आणि खालच्या मजल्यावरच्या एका मुलीकडून तुकड्या-तुकड्याने कळलं. दाराखालून करपल्याचा वास यायला लागला. बाई म्हणाल्या, जरा लवकर करा. किल्लीमामांनी मान हलवली, पण आकडा ते एकाच जागी फिरवत राहिले, आणि जोर वाढत गेला. आकडा तुटला. ते त्या तुटक्या दांड्याने तसंच खुपसत राहिले. मग उठले आणि समोरच्या शेजाऱ्याच्या दाराला हात लावून म्हणाले की कुलूप हे आहे, ते नव्हे, मला शिकवू नका. बाईंनी त्यांचा हात धरून त्यांना मागे आणलं, तेव्हा त्यांनी बाईंना एक शिवी दिली. आयुष्यात त्यांच्या तोंडून कुणी शिवी ऐकली नव्हती. शब्द ओले, एकमेकांत मिसळलेले येत होते.

शेजारी म्हणाला, प्यायलेत. तोंडाला वास नव्हता, पण बिनवासाचीही मिळते हल्ली, असं त्याचं म्हणणं. बाईंना आधी ते पटेना. त्यांनाही हे साखरेचं माहीत होतं. त्यांच्या नात्यात दोघांना होती. पण साखर तर आत्ताच मोजली होती, आपल्या कानांनी ऐकलेली होती. एकशे बारा. मग दुसरं काय असणार?

शेजाऱ्याने खांद्याने दार तोडलं. सगळे आत धावले. पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं, पडद्याला धग लागली होती, घरभर धूर. आत खिडक्या उघडायची, पाणी ओतायची गडबड चालली असताना किल्लीमामा बाहेर जिन्यावर एकटेच होते. ते खाली जायला निघाले असावेत. चार-पाच पायऱ्या घसरून वळणाच्या भिंतीशी पडले. खालची मुलगी शाळेला निघाली होती. ती त्यांना ओलांडून गेली, कारण वरून कुणीतरी ओरडून सांगितलं होतं की दारुड्या आहे, जवळ जाऊ नकोस.

अंडं गार झालं म्हणून बायको शोधत निघाली होती. तिने त्यांना बघितलं आणि लेकीला फोन लावला. मुलीची लॅब जवळच होती. ती आली तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले होते, डोळे उघडे, कपाळातून रक्त, पँट ओली. आईने त्यांचं डोकं पदराखाली घेतलं होतं आणि ती वर-खाली कुणाकडेही बघत नव्हती. मुलीने त्यांची उजवी तर्जनी पुसली, टोचली, पट्टी लावली.

‘एकोणचाळीस,’ मावशी म्हणाली. मघाच्याच आवाजात.

बाई दारातून बाहेर आल्या होत्या. त्यांच्या हातात ओलं फडकं होतं. त्यांनी विचारलं, ‘मग मघाशी कशी एकशे बारा म्हणाली?’ मुलीने आपल्या पिशवीतली ग्लुकोजची जेल बोटावर घेऊन त्यांच्या गालाच्या आत चोळली, गिळा म्हणाली, ते गिळत आहेत याची खात्री केली, आणि पुन्हा चोळली. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांनी तोंड वाकडं केलं. विचारलं, ‘किती गोड आहे हे. कुणी आणलं?’ आणि थोड्या वेळाने, ‘माझे आकडे कुठेत?’

आकडे अकरा मिळाले.

दवाखान्यात कपाळाला टाके पडले. यंत्राच्या स्मृतीतले आकडे मुलीने डॉक्टरांना दाखवले. एकशे बारा आणि एकोणचाळीस, आणि त्यांच्या आधीचे कितीतरी. डॉक्टरांनी विचारलं की हे बोटावरचे का? ती म्हणाली, शेवटचा बोटावरचा. बाकीचे कुठले, ते तिने किल्लीमामांची बाही वर करून दाखवलं. कोपरापासून मनगटापर्यंत ठिपके होते, ओळीने, एकही रेघेबाहेर न गेलेला. डॉक्टरांनी पुन्हा सेन्सरचं नाव काढलं, आणि या वेळी ते सुचवल्यासारखं बोलले नाहीत.

बाई वाईट नव्हत्या. त्या स्वतः भेटायला आल्या, दाराची भरपाई नको म्हणाल्या, काळजी घ्या म्हणाल्या. पण जे पाहिलं ते त्यांनी आधीच चार जणांना सांगितलेलं होतं, आणि शेजाऱ्याने चाळीस जणांना. नंतर ‘ती दारू नव्हती, साखर होती’ असं त्या सांगत फिरल्या, तेही लोकांनी ऐकून घेतलं. पण कुलूपवाल्याला घरात घेताना माणूस हिशेब करत नाही की त्याचं डोकं दारूने फिरलं होतं की साखरेने. दुकानाचा फोन गप्प झाला. किल्ल्यांच्या नकला करून घ्यायला मुलं येत, तेवढंच. बायको पुढच्या खोलीत भाजी निवडायच्या निमित्ताने बसू लागली, म्हणजे दुकान रिकामं दिसू नये.

टाके निघाले त्या दिवशी मुलीने सुट्टी घेतली. दुपारी जेवणं झाल्यावर ती बाकाशी आली आणि म्हणाली की आजपासून बोटावर, आणि उद्या सेन्सर. ते कानशी पुसत होते. पुसतच राहिले.

‘सेन्सरला मी नाही म्हणत नाही,’ ते म्हणाले. ‘कर चहाड्या. पण तोही चुकतो म्हणे, मग खात्री करायला बोट लागणारच. आणि तुझ्या सांगण्यावरून मी बोटं टोचली, म्हणूनच ती गेली. डोळे गेले तेव्हा मी काही बोललो का? बोटं गेली तर मी कोण गं? नुसता साखरेचा आकडा?’

ती म्हणाली, ‘सुईने गेली नाहीत, बाबा.’

‘मग कशाने?’

पायाच्या स्क्रूपासून ती एक गोष्ट मनात धरून होती. नसा आधी सगळ्यांत लांब असतात तिथे मरतात, म्हणजे पावलात. मग वर सरकतात. गुडघ्यापर्यंत आल्या की हातांची पाळी येते. कारण सुई नाही, साखर. पण हे तोंडाने सांगून त्यांना पटणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तपासल्याशिवाय ते तिलाही नक्की माहीत नव्हतं. तिने बाकावरून डिव्हायडर उचलला.

‘एक की दोन, खेळायचं?’

हा त्यांच्या घरातला जुना खेळ. ती कॉलेजात असताना शरीरशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी घरातल्या सगळ्यांची बोटं मोजली होती. डिव्हायडरची टोकं कानशीने गोल करायची, डोळे मिटायला लावायचे, आणि बोटाच्या टोकावर कधी एक टोक टेकवायचं, कधी दोन्ही. समोरच्याने सांगायचं, एक की दोन. टोकांमधलं अंतर कमी करत जायचं. ज्या अंतरापर्यंत दोन टोकं दोनच वाटतात, ती त्या बोटाची नजर. आईची साडेतीन मिलिमीटर आली होती, तिची स्वतःची तीन. बाबांची दहाही बोटांवर दोन. दोन मिलिमीटर! तिचे सर म्हणाले होते की मोजण्यात चूक असेल, म्हणून तिने पुन्हा मोजलं, तेव्हाही दोन. त्यानंतर पाहुणे आले की ते मुद्दाम डिव्हायडर मागवून घेत.

आता त्यांनी हात मागे घेतला. ‘नको. झाकली मूठ सव्वा लाखाची.’

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मूठ झाकलीय हो. पण सव्वा लाख अजून आत आहेत का, ते तरी बघू.’

मग त्यांनीच अट घातली, आणि ती मुलीला पहिल्या ऐकण्यातच बिनतोड वाटली. उजव्या तर्जनीला सगळ्यांत जास्त सुया बसल्या होत्या. डाव्या करंगळीला एकही नाही. थेंब नीट येत नाही म्हणून तिला त्यांनी कधीच टोचलं नव्हतं. दोन्ही मोजायच्या. तर्जनी बोथट आणि करंगळी शाबूत निघाली, तर दोष सुईचा. मग बोटं पुन्हा टोचायची नाहीत, काय व्हायचं ते होवो. दोन्ही सारख्याच निघाल्या, तर सुईचा काही संबंध नाही, आणि मग ती म्हणेल तिथे, म्हणेल तेव्हा टोचू द्यायचं.

‘आणि सारख्या निघाल्या तर आकडे गुंडाळून ठेवायचे,’ ते म्हणाले. हे त्यांनी कुणाला उद्देशून म्हटलं नाही.

तिने टोकं बोटावर घासून बघितली, ती अजून गोल होती. त्यांना डोळे मिटायला सांगितलं. ते म्हणाले, मिटलेलेच आहेत. तरी तिने रुमाल बांधला, कारण डाव्या डोळ्याच्या कडेने काही दिसत असेल तर मोजणी बाद झाली असती. आईला पट्टी धरायला दिली. दर वेळी आई पट्टीवर अंतर लावून द्यायची, मोठ्याने न बोलता. मुलीने दोन टोकं टेकवायची, मध्येच एकच टोक, कुठलाही क्रम न ठेवता, म्हणजे अंदाजाने बरोबर येऊ नये. दाब सारखा. बोट बाकावर टेकवलेलं.

आधी उजवी तर्जनी. दोन मिलिमीटरपासून सुरुवात केली.

‘एक.’

मग आईने पट्टीवर अंतर वाढवलं. ‘एक,’ ते म्हणाले. पुन्हा वाढवलं. ‘एक.’ एकदा ते थांबले आणि बोट किंचित पुढे रेटलं, कुलपात पिन शोधताना रेटत तसं. ‘एकच आहे. तू एकच लावत्येस.’ तिने दोन्ही लावली होती. आईने पट्टी बाकावर ठेवून दिली तेव्हा मुलीने ती उचलली आणि पुढची अंतरं स्वतःच लावली.

तर्जनी झाल्यावर त्यांनी न सांगता डावा हात पुढे केला. मूठ उघडून करंगळी वेगळी धरली. तिचं टोक मऊ होतं. तिच्यावर सुईचाच काय, कानशीचाही ओरखडा नव्हता. रस्त्यावरून कुणीतरी गेलं, दुकानापाशी क्षणभर रेंगाळलं आणि पुढे गेलं. त्यांनी मान वळवली नाही.

तिने पहिल्याइतक्याच वेळा टोकं टेकवली, पहिल्याइतकीच एकेकटीही. शंका नको म्हणून शेवटची दोन अंतरं पुन्हा घेतली. मग डिव्हायडर मिटून त्याच्या जागी, पट्टीच्या उजवीकडे ठेवला, आणि रुमाल सोडला.

‘सांग,’ ते म्हणाले.

‘उजवी तर्जनी, आठ मिलिमीटर,’ ती म्हणाली. ‘डावी करंगळी, आठ मिलिमीटर.’